पेंटरकाकांना विचारा : बॅनरच्या कोपऱ्यातली शशिकला

गेल्या अंकात जुन्या खलनायकांवर लिहिता लिहिता मी एक वाक्य सोडून दिलं होतं, ‘शशिकला ही आपल्या सोलापूरची पोर.’ सगळ्या लेखावर आली नसतील तेवढी पत्रं त्या एका वाक्यावर आली. म्हणून या महिन्याचं सदर जुन्या हिंदी सिनेमात कपटी बायका रंगवणाऱ्या शशिकलाबाईंनाच. पत्रं थोडी छाटली आहेत, भाषा तुमचीच ठेवली आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी सिनेमाचा अभ्यासक वगैरे कोणी नाही. वडील सोलापुरात टॉकीजचे बॅनर रंगवायचे. फ्लेक्स येईपर्यंत मीही तेच केलं. नटनट्यांचे चेहरे मला आधी ब्रशनं कळले, पडद्यावर मागनं.

प्रश्न : शशिकला सोलापूरची हे आपण ठासून लिहिलेत. तिचे आडनाव सैगल होते. ती पंजाबी असणार. खात्री करून लिहीत जावे. (निवृत्त मुख्याध्यापक, बार्शी)

उत्तर : सर, सैगल हे सासरचं. माहेरच्या त्या जवळकर. जन्म ४ ऑगस्ट १९३२चा, सोलापूरचा. ओमप्रकाश सैगल यांच्याशी लग्न झालं. ते कुंदनलाल सैगलांच्या नात्यातले. आडनावानं तुमची दिशाभूल केली, ती बऱ्याच जणांची करते.

वडील व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी, भावंडं सहा. ही मुलगी पाच-सहा वर्षांची असल्यापासून नाचायची, गायची, जिल्ह्यातल्या गावांमध्ये स्टेजवर कामं करायची. मग वडिलांचा धंदा बसला. धाकट्या भावाच्या विलायतेतल्या शिक्षणापायी त्यांनी कमाई ओतली आणि पुढं त्या भावानं पाठ फिरवली, असं सांगतात. सोलापुरात धंदा बसला की माणूस मुंबईची गाडी धरतो. जवळकरांनीही धरली. घरात दिसायला चांगली आणि अंगात कला असलेली ही एकच पोर, हिला सिनेमात काम मिळेल आणि चूल पेटेल, असा हिशेब होता. म्हणजे बघा, अकरा-बारा वर्षांच्या मुलीवर आठ माणसांचं घर टाकलं होतं. आज आपण यावर काय काय बोलू. तेव्हा कोणी बोललं नाही.

ओळखीच्यांकडं आसरा, कधी जेवण कधी नाही, आणि एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत पायपीट. अशात तेव्हाची मोठी गायिका-नटी नूरजहाँ हिची नजर या पोरीवर पडली. नूरजहाँचे पती शौकत हुसेन रिझवी ‘झीनत’ काढत होते. त्यातल्या बायकांच्या कव्वालीत हिला बसवलं. हिंदी सिनेमातली बायकांची पहिली कव्वाली म्हणून तिचं नाव घेतात. बिदागी पंचवीस रुपये. सिनेमा १९४५चा. त्याच कव्वालीत शामा नावाची आणखी एक पोरगी बसली होती, तीही पुढं मोठी नटी झाली. १९४७ साली दिलीपकुमार-नूरजहाँचा ‘जुगनू’ आला, त्यातही शशिकला आहे. आणि त्याच वर्षी फाळणी. नूरजहाँ आणि रिझवी पाकिस्तानात गेले. जिनं हात धरला तीच गेली म्हटल्यावर पुन्हा छोट्या कामांपासून सुरुवात.

सर, एवढ्यावर समाधान होत नसेल तर पुढच्या पत्रात सांगा. पण आडनावावरून गाव काढू नका. सोलापुरात तर अजिबात नको. इथं एका वाड्यात तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू अशा चार भाषांत भांडणं चालतात.

प्रश्न : माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. जुना सिनेमा लागला आणि त्यात शशिकला दिसली की कडाकडा बोटं मोडतात, ‘आली बघ भवानी’ म्हणतात आणि चॅनेल बदलायला लावतात. ती खरंच इतकी वाईट बाई होती का? (एक सून, विजापूर रोड)

उत्तर : ताई, सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांगा आणि विचारा, ‘गुमराह’ शेवटपर्यंत पाहिलाय का? मला शंका आहे. मध्येच चॅनेल बदललं असणार.

‘गुमराह’ १९६३चा, बी. आर. चोप्रांचा. माला सिन्हा बहिणीच्या मुलांसाठी म्हणून मेव्हण्याशी, अशोककुमारशी लग्न करते. पण जुना प्रियकर सुनील दत्त मनातून जात नाही. चोरून भेटीगाठी सुरू होतात. एक दिवस शशिकला उगवते. मी सुनील दत्तची बायको, मला सगळं माहीत आहे, तोंड बंद ठेवायचं तर किंमत पडेल, असं म्हणून ती माला सिन्हाला पिळून काढते. घरात येते, बसते, हसते, आणि दर वेळी काहीतरी घेऊन जाते. माला सिन्हाच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि ही आरामात. शेवटी काय निघतं? ती कोणाची बायको नाहीच. ती अशोककुमारची सेक्रेटरी. नवऱ्यानंच तिला हे सोंग घ्यायला लावलेलं असतं. म्हणजे ज्या बाईला सासूबाई साठ वर्षं शिव्या घालताहेत, ती बिचारी साहेबांनी सांगितलेलं काम करत होती!

माझ्या मते खरा वाईट त्यात तो नवरा आहे. बायकोला सरळ विचारायची हिंमत नाही म्हणून नोकरीतल्या बाईला पुढं केलं. पण ते राहू द्या.

एकदा शेवट कळला की हा सिनेमा परत बघा. शशिकलाबाईंच्या चेहऱ्यावर कुठंतरी ‘मी नाटक करतेय’ अशी फट सापडते का, ती शोधा. मला सापडली नाही. सेक्रेटरी ब्लॅकमेलरचं काम करतेय हे त्यांनी कुठंही प्रेक्षकाला डोळा मारून सांगितलेलं नाही. काही लोक याला फसवणूक म्हणतात. मला हे बरोबर वाटतं. ती सेक्रेटरी आपल्या कामात हुशार आहे, तर मग ती कशाला पकडली जाईल?

त्याच्या आदल्या वर्षी ‘आरती’. ताराचंद बडजात्यांच्या राजश्रीचा पहिला सिनेमा, दिग्दर्शक फणी मजुमदार. मीनाकुमारी डॉक्टर, पण लग्न होऊन येते साध्या घरात. त्या घरातली थोरली जाऊ म्हणजे शशिकला. हिला ना सिगारेट, ना क्लब, ना नाच. साडी, कुंकू, डोक्यावर पदर, आणि जीभ. सासूबाई बोटं मोडतात त्याचं कारण इथं आहे असं मला वाटतं. नादिरा, हेलन या पडद्यावर दुसऱ्या जगातल्या वाटायच्या. त्यांच्या वाटेला आपण कशाला जातोय, अशी बायकांना खात्री असायची. शशिकलाबाईंची जाऊ शेजारच्या खोलीत राहते. ती स्वयंपाकघरात येते, काहीतरी गोड बोलते, आणि संध्याकाळपर्यंत घरात आग लागते. त्या काळी एकत्र घरात नांदलेल्या प्रत्येक बाईला अशी एक जण माहीत होती. सासूबाईंना त्यांची कोण होती ते हळूच विचारा. दुपारी, चहाच्या वेळी.

या दोन्ही कामांना फिल्मफेअर मिळालं, सहायक अभिनेत्रीचं, लागोपाठ दोन वर्षं.

प्रश्न : काका, शशिकला आणि ललिता पवार यांच्यात जास्त खाष्ट कोण? (हॉस्टेल रूम नंबर छापू नये, सोलापूर)

उत्तर : ललिताबाई सासू, शशिकलाबाई जाऊ नाहीतर नणंद. खातं वेगळं, तुलना कशी करणार? ललिताबाई दारातच रागावतात, शशिकलाबाई आधी या बसा म्हणतात. दोघींना एका घरात बघायचं असेल तर ‘जंगली’ लावा, १९६१चा. ललिताबाई शम्मी कपूरची आई, शशिकलाबाई बहीण. पण त्यात बहीण गरीब आहे हां. धाकात राहते, चोरून प्रेम करते.

प्रश्न : बॅनर कसे रंगवायचे? त्यात शशिकलाला कुठं जागा असायची? फोटो पाठवाल का? (कला महाविद्यालयाचा विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : फोटो नाहीत. कामगार आपल्या कामाचे फोटो काढत नसतो.

कसे रंगवायचे ते सांगतो. कापड मांजरपाट. गिरण्यांचं गाव असल्यानं कापडाची कधी ददात पडली नाही. पन्हे शिवून मोठं करायचं, लाकडी चौकटीवर ताणून ठोकायचं, त्याला खळ आणि खडूपावडरचा हात द्यायचा. वाळलं की कोळशात बुडवलेली दोरी मारून चौकटी आखायच्या. वितरकाकडून लिथो पोस्टर आणि फोटोसेट यायचा. त्या फोटोवर बारीक चौकटी, कापडावर मोठ्या, मग चौकटीमागं चौकट चेहरा मोठा करत जायचा. रंग पावडरचा, जवसाच्या तेलात घोटलेला. मी शाळकरी पोर, माझ्याकडं रंग घोटणं, रॉकेलमध्ये ब्रश धुणं आणि मागचं आभाळ भरणं. अक्षरांचा माणूस वेगळा. चेहऱ्याला फक्त वडील हात लावायचे.

जागेचं म्हणशील तर बॅनरवर सगळा हिशेब मोठेपणाचा. मधोमध हिरो-हिरॉईन, मापानं सगळ्यांत मोठी. मग चरित्र अभिनेता. शशिकलाबाई खाली डाव्या नाहीतर उजव्या कोपऱ्यात, हाताएवढा चेहरा. पण त्या कोपऱ्यावर वडील जास्त वेळ घालवायचे. मीनाकुमारी काढणं त्यांना सोपं वाटायचं. डोळ्यांत पाणी, मान थोडी कललेली, झालं. शशिकलाबाईंचा चेहरा हसरा. गालफडं भरलेली, दात स्वच्छ, आणि हसण्यातच विष. हसरा चेहरा काढायचा आणि लोकांनी लांबून बघून ‘ही काहीतरी करणार’ असं म्हणायला हवं, तेही सायकलवरून जाता जाता. वडील एक भुवई शेवटपर्यंत कोरी ठेवायचे. सगळं झालं की शिडीवरून उतरायचे, रस्त्याच्या पलीकडं जायचे, विडी संपेपर्यंत बघत राहायचे, मग परत वर चढून ती भुवई एका फटकाऱ्यात. चुकली तर चेहरा पुसून पुन्हा.

दुसरी गंमत. ‘आरती’ काळा-पांढरा सिनेमा. फोटोसेटही तसाच. पण बॅनर रंगीतच पाहिजे, नाहीतर टॉकीजवाला घेणार नाही. मग कोणाची साडी कुठल्या रंगाची, हे ठरवणार कोण? वडील. मीनाकुमारीला त्यांनी पांढरी दिली, निळ्या काठाची. जावेला बाटलीहिरवी. तेव्हापासून आमच्याकडं शशिकलाबाईंची साडी म्हणजे हिरवी, हा नियमच झाला. वडील सांगायचे, की चाटी गल्लीत एका दुकानदारानं त्यांना थांबवून विचारलं होतं, बायका ‘आरतीतल्या जावेची हिरवी’ मागतात, ती नेमकी कुठली? सिनेमात हिरवा रंगच नव्हता हे त्याच्या गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं नव्हतं. वडिलांनी या गोष्टीत तिखटमीठ लावलं असेल, पण ती सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

‘फूल और पत्थर’ला, १९६६ साली, उलटा प्रकार झाला. सगळ्यांना उघड्या अंगाचा धर्मेंद्र पाहिजे होता. एवढी मोठी छाती काढली की कोपऱ्यात शशिकलाबाईंना जागाच उरेना. वडिलांनी त्यांना धर्मेंद्रच्या कोपराखाली बसवलं.

प्रश्न : एवढा अभिनय, एवढं रूप, तर शशिकला हिरॉईन का झाली नाही? अन्याय झाला असे वाटते. (सिनेरसिक, पंढरपूर)

उत्तर : झाल्या की. लोक विसरले. १९५५च्या ‘डाकू’त त्या शम्मी कपूरच्या हिरॉईन आहेत. पण तेव्हाचा शम्मी म्हणजे मिशीवाला, पडेल सिनेमांचा शम्मी. ‘तुमसा नहीं देखा’ यायला अजून दोन वर्षं होती. हिरो चालत नव्हता, हिरॉईन कशी चालणार? मग १९६१ला तोच शम्मी ‘याहू’ करत बर्फावरून घसरतो आणि शशिकलाबाई त्याची बहीण. सहा वर्षांत नटाची जागा वर गेली आणि नटीची बाजूला. हे फक्त त्यांच्याच बाबतीत घडलं असं नाही.

१९५३ला शांतारामबापूंनी ‘तीन बत्ती चार रास्ता’ काढला, वेगवेगळ्या प्रांतांतल्या सुना एकाच घरात नांदतात, त्या सुनांत या एक. काम चांगलं, पण घर भरलेलं. १९५९ला बिमल रॉयचा ‘सुजाता’. तिथं त्या घरची सख्खी मुलगी रमा, आणि नूतन सांभाळलेली. रमासाठी बघितलेला मुलगा नूतनच्या प्रेमात पडतो. दुसऱ्या कोणी ही रमा जळकी केली असती. शशिकलाबाईंनी ती मोकळी, हसरी ठेवली. मला तर ‘सुजाता’त नूतनइतकीच ती आवडते. हे लिहिल्यावर पुढच्या महिन्यात कोणाची पत्रं येणार ते मला माहीत आहे.

अन्याय म्हणाल तर तो वेगळ्या जागी झाला. ‘आरती’ आणि ‘गुमराह’ चालल्यावर निर्मात्यांनी त्यांना तेच तेच देणं सुरू केलं. ‘नीलकमल’, ‘घर घर की कहानी’, कुठंही जा, त्या कान भरताहेत. घर चालवायला काम घ्यावंच लागतं. लहानपणापासून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

प्रश्न : नवरा-मुली सोडून गेली, रस्त्यावर आली, मग मदर तेरेसांकडे गेली असे वाचले. पडद्यावरच्या पापाचे हेच फळ म्हणायचे का? सविस्तर लिहा. (नाव नको, मोहोळ)

उत्तर : सविस्तर लिहिणार नाही.

संसार मोडला, अडचणीचे दिवस आले, कोलकात्याला मदर तेरेसांच्या संस्थेत त्यांनी रुग्णांची सेवा केली, पुढं मुंबईला परतून पुन्हा सिनेमात आणि टीव्हीवर कामं केली. २००७ला पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ला मुंबईत गेल्या. बाकी त्यांच्या घरचं त्यांच्यापाशी. आणि पापाचं फळ कसलं हो? पगार घेऊन जाऊबाई रंगवली, यात पाप कुठं आलं? मग ज्यानं संवाद लिहिले त्याला, आणि तिकीट काढून टाळ्या पिटणाऱ्या आपल्याला काय फळ? प्राण, कन्हैयालाल या खलनायकांबद्दल असली पत्रं मला कधीच येत नाहीत.

प्रश्न : एकच सिनेमा सुचवा. वेळ कमी आहे. (बँक कर्मचारी, सात रस्ता)

उत्तर : ‘अनुपमा’, १९६६. हृषीकेश मुखर्जी. शर्मिला टागोरची उमा बोलत नाही, कारण तिच्या जन्मावेळी आई गेली म्हणून बाप तिचं तोंड बघत नाही. आणि शशिकलाबाईंची अ‍ॅनी गप्प बसत नाही. पहिली पंधरा मिनिटं वाटतं, ही बया डोकं उठवणार. पण सगळ्या घराचं ओझं त्या बडबडीनं हलकं होतं, आणि हळूहळू कळतं की या पोरीला सगळं दिसतंय. ‘गुमराह’नंतर तीनच वर्षांत. तोच हसरा चेहरा, तेच दात, आणि विषाचा थेंब नाही. भुवईसुद्धा खाली. वडिलांना या सिनेमाचं बॅनर जमलं नव्हतं. त्यांनी सवयीनं कोपऱ्यातली शशिकला कपटी काढली. टॉकीजवाल्यानं ते आठवडाभर तसंच ठेवलं, कारण लोक त्या चेहऱ्यासाठी यायचे!

प्रश्न : मला अभिनेत्री व्हायचे आहे. सोलापूर जिल्ह्यातून कोणी झाले आहे का? मुंबईला जावेच लागेल का? आई नको म्हणते. (बारावी, अकलूज)

उत्तर : बाळ, अकलूजला राहून हे मला विचारतेस? तुझ्याच गावची रिंकू राजगुरू. २०१६चा ‘सैराट’, आणि त्याच कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. त्याच्या आधीचं हवं तर सोलापूरच्या फैयाज, ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकात झरीना त्यांनी गाजवली, १९६७ला. गाणं आणि अभिनय दोन्ही.

आईशी भांडू नकोस. बारावी काढ. मग सोलापुरात नाटकाच्या एखाद्या ग्रुपमध्ये जा, झाडू मारण्यापासून सुरुवात कर, स्पर्धेत उभी राहा. हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो का बघ. मुंबई कुठं पळून जात नाही. आणि फोटो काढून देतो म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर आधी आईला सांग.

प्रश्न : आमच्यात पैज लागली आहे. ‘सुजाता’तलं ‘बचपन के दिन’ कोणी म्हटलं आहे? मी म्हणतो आशा, मित्र म्हणतो गीता दत्त. हरणाऱ्यानं सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी घालायची. (कट्टा मंडळ, नवी पेठ)

उत्तर : दोघीही. शशिकलाबाईंना आशाबाईंचा आवाज, नूतनला गीता दत्तचा. संगीत सचिनदेव बर्मन, शब्द मजरूह. तेव्हा भाकरी तुमची, चटणी मित्राची. दही कोणी आणायचं ते आपसात ठरवा.